हातउसने

वकीलबाईंनी विचारलं, लिहून घेतलं होतं का काही?
मी म्हटलं, दुधाच्या कॅलेंडरवर आहे.
सतरा मार्च, अर्ध्या लिटरच्या खाली
त्याच्या अक्षरात:
वृषालीचे दोन लाख चाळीस. शेडसाठी. देणे.

सावळजला शेड उभी राहिली,
हिरवी जाळी, तारांवर वाळणारी द्राक्षं.
पतसंस्थेचा हप्ता विट्याच्या शाळेत
माझ्या पगारातून अजून कापला जातो.

नवरा-बायकोत कर्ज नसतं,
त्याचे मामा बैठकीत म्हणाले.
मग काय असतं, ते कुणी सांगितलं नाही.
चहा आला.

शेवटी ठरलं, महिन्याला तीन हजार.
पाच तारखेला फोन टुणकन वाजतो.
वहीत मांडून पाहिलं: ऐंशी महिने.
सहा वर्षं, आठ महिने.
संसार झाला चार वर्षं, वर एक उन्हाळा.
म्हणजे देणेकरी म्हणून
हा माणूस जास्त टिकणार.

मे महिन्यात पैसे आले नाहीत.
एसटीच्या पार्सलनं डबा आला,
पाच किलो बेदाणा, हिरवा, लांब मण्याचा.
चिठ्ठी नाही.
परत पाठवा, वकीलबाई म्हणाल्या,
वस्तू घेतली की गुंता होतो.

मी तासगावच्या सौद्यातला भाव विचारला,
एक हजार पन्नास जमा धरले.
बाकी एकोणीसशे पन्नास. मे. येणे.

रात्री काड्या मोडत बसले,
मूठभर तोंडात टाकला,
तेव्हा लक्षात आलं,
पाच किलो हे डब्यावर
त्याच्याच अक्षरात होतं.
वजन मी केलंच नव्हतं.