हातचा

शनिवारी सामना, म्हणून गुरुवारी रात्री
जुन्या पेट्या खाली काढल्या.
कॉलेजातून फोन होता: आर्डिथ, बेरजा तपासून ठेव,
पोरगा विक्रमापासून नऊ यार्डांवर आलाय.

मका कापून झालेला. खिडकीबाहेर नेब्रास्का म्हणजे
धान्याच्या कोठीवरचा एक लाल दिवा,
बाकी नुसता अंधार, सपाट.

टॅविअन मोझली, यंदाचा: दोन हजार दोनशे सहा.
ग्रँबी प्रूइट, आता लिंकनला विमा विकतो: एक हजार नऊशे एक.
आणि सगळ्यांच्या वर, त्रेसष्ट सालापासून न हललेला
लॉयल हॅकबर्थ: दोन हजार दोनशे चौदा.

खरं तर क्वार्टरबॅकचं काम धावणं नव्हेच.
त्यानं उभं राहायचं, बघायचं, फेकायचं.
ज्याच्याकडे फेकायचं तोच सापडला नाही
की मग पळायचं, वाट फुटेल तिकडे.
म्हणजे ही सगळी बेरीज
फसलेल्या बेतांची.

शिवाय नियम असा, की फेकण्यासाठी थांबलेल्याला
मागच्या मागे आडवं केलं
तर तेवढे यार्ड त्याच्या धावण्यातून वजा.
लॉयलचे असे तीनशे सत्त्याण्णव गेले.
थांबण्याची किंमत पळण्याच्या खात्यातून.
हिशेब शिकवताना वडील हे सांगून हसायचे.
मला तेव्हा कळायचं नाही, कशाला हसतात.

कागद त्यांच्याच हातचे.
बासष्टचा ऑक्टोबर, पाऊस, पेन्सिल ओली.
तिसरा डाव, हॅकबर्थ, उजवीकडून,
आणि पुढे चार. की चौदा?
त्यांचा एक म्हणजे नेहमीच नुसता ओरखडा,
जणू आकडा लिहायचा होता आणि कुणीतरी हाक मारली.
बेरजेत चार धरलेत.
भिंगातून बघितलं, दिव्याखाली तिरका धरून बघितला.
कागदाला तिथं एक चुणी आहे. किंवा एक आहे.

शुक्रवारी लॉयलच्या दुकानात गेले.
ब्याऐंशी वर्षांचा माणूस, खिळे अजून वजनावर देतो.
विचारलं, त्या चिखलातल्या सामन्यात, तिसऱ्या डावाला,
उजवीकडून किती पळालास?
त्यानं तराजू स्थिर होऊ दिला.
म्हणाला, डीन वाकर मोकळा होता.
डावीकडे, एकटा, हात वर करून.
मला दिसलाच नाही.
एवढंच आठवतं बघ.
मग म्हणाला, पाव किलो जास्त झालेत, असू देत.

शनिवारी वारा होता. माझ्या खोलीची काच थरथरत होती.
शेवटच्या पाच मिनिटांत टॅविअन अकरा यार्ड पळाला
आणि भोंग्यावरचा माणूस ओरडला, विक्रम, विक्रम,
लोक उभे, बँडवाल्यांनी ढोल बडवला.
मी लिहिलं: दोन हजार दोनशे सतरा.

पुढच्याच डावाला तो थांबला.
समोर मोकळी वाट होती, मला वरून दिसत होती,
आईशप्पथ, बैलगाडी जाईल एवढी.
तो थांबला, डावीकडे बघत राहिला,
कुणीतरी मोकळं होईल म्हणून,
आणि दोघांनी त्याला सात यार्ड मागे गाडला.

सतरातून सात.
भोंगा गप्प.
उठला, गवत झटकलं, पुन्हा तिथंच बघितलं,
आणि या खेपेला फेकला.
सामना जिंकलो. फेकीचे यार्ड वेगळ्या पानावर जातात.

रात्री दोन हजार दोनशे दहा लिहिलं, रेघ मारली.
लॉयलच्या ओळीपाशी पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली.
आता चार काय आणि चौदा काय, वरचा तोच.
तरी हातचा एक
हातातच राहिलाय.
खोडरबर घेतलं नाही.
कागदाची चुणी बोटानं सपाट केली,
बोट उचललं, तर ती परत उभी.