हलू नका

चौतीस वर्षं राजावाडीत
मी अनोळखी माणसांशी तीनच वाक्यं बोललो:
श्वास रोखा. हलू नका. सोडा.
मग त्यांचं आतलं सगळं पांढरं
माझ्याकडे यायचं, ओलं, क्लिपला टांगलेलं,
आणि डार्करूमचा आंबूस वास
शर्टाबरोबर घरी यायचा.
शरयू म्हणायची, आधी अंघोळ.

आता फिल्म नाही. पडद्यावर बोटं फाकवली
की मनगट मोठं होतं.
हे मनगट मला ठाऊक आहे.

याच उजव्या मनगटानं सव्वीस वर्षं
कुर्ल्याच्या गोळ्यांच्या कारखान्यात
कागदाची टोकं पिळली,
संत्रं, लिंबू, खस.
अख्ख्या मोजायच्या, मोडलेल्या खायच्या,
असा तिथला नियम. घरी न्यायला बंदी.
गेटवर पदर झटकून दाखवायचा.
"पोटातलं कोण झटकणार?" म्हणून हसायची,
तेव्हा जीभ केशरी दिसायची.

मंगळवारी अर्धा भरलेला कुकर उचलताना
कट् असा आवाज झाला.
पडली नाही, घसरली नाही, कुणी धक्का दिला नाही.
मी बाहेर पेपर वाचत होतो. मला वाटलं,
शिट्टी नीट बसली.

अशा म्हाताऱ्या मनगटांना पुस्तकात
जेवणाच्या काट्याची उपमा आहे.
मला ती कायम
पालथ्या चमच्यासारखी दिसत आली.

डॉक्टर फुर्टाडो, वय असेल तीस,
म्हणाल्या, घनता तशी बरी आहे हो,
पण साखर दोनशे साठ. कधीपासून?
शरयूनं माझ्याकडे पाहिलं,
मी भिंतीवरच्या कॅल्शियमच्या जाहिरातीकडे.
मग त्यांनी कागदावर पेनानं दोऱ्या काढल्या:
हाडात नुसता चुना नसतो, आजी,
धागे असतात, ते थोडे लवतात म्हणून हाड टिकतं.
वर्षानुवर्षं साखर त्यांना चिकटत गेली
की ते ताठ होतात. मग लवत नाहीत.
"म्हणजे चिक्की," शरयू म्हणाली.
डॉक्टर हसल्या.
मला हसायला अंमळ उशीर झाला.

इतकी हाडं पाहिली,
फोटोत साखर कधी दिसली नाही.
पांढऱ्यात पांढरं.
रात्री दोनला डब्याचं झाकण वाजायचं
तेही मी ऐकलंच नाही असं धरून चाललो.
बाईनं जन्मभर अख्ख्या मोजल्या,
आता एखादी मोडकी
तिच्या वाट्याला असावी, असं काहीसं मनात असेल.
किंवा नुसता आळस.

पंतनगरच्या खड्ड्यांतून रिक्षा येताना
तिचं प्लास्टर मी मांडीवर धरलं होतं,
अंडी आणावीत तसं.

संध्याकाळचा चहा मीच केला, बिनसाखरेचा.
एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.
"हे औषध आहे का?"
डबा हाताच्या अंतरावर होता.
डावा हात, सवय नसलेला,
भरलेला चमचा थरथरत कपावर आला,
चार दाणे ओट्यावर सांडले.
मी काहीच ठरवलं नव्हतं.
तोंडातून आपसूक गेलं:
हलू नका.

ती थबकली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं,
मी तिला कधी अहो-जाहो केलेलं नाही.
खालच्या मजल्यावर बातम्या लागल्या.
चहावर साय धरली.
चमचा तसाच अधांतरी,
आणि तिसरं वाक्य माझ्या जिभेवर,
हजारांना सांगितलेलं, बिनचूक.
पण आता सोडा म्हटलं
तर साखर कपात जाणार की डब्यात,
मला कळेना.

"बोला ना पुढचं," ती म्हणाली,
"हात भरून आलाय."