डाव्या गालाशी

दिवाडीहून फेरीबोटीने आला तो,
चादरीत गुंडाळलेला, सुंभाने बांधलेला.
युफेमियाबाई म्हणाल्या, "जरा उजळ करा याला.
जेवताना समोर असतो, फार उदास दिसतो."

डच माणूस. कॉलर पांढरी, बाकी सगळा काळोख.
सही असावी तिथे वाळवीने खाल्लेलं.

कापसाचा बोळा आणि स्वतःची थुंकी,
याहून सौम्य काही बाजारात मिळत नाही.
तीन दिवसांत कपाळ निघालं,
मग नाकाचा शेंडा, ओला असल्यासारखा.

डाव्या गालाशी मात्र हात अडला.
मळ कुठे संपतो
आणि सावली कुठे लागते, कळेना.
बोळा तपकिरी येत होता:
मेणबत्त्यांचा धूर, हुमणाची वाफ,
की त्या चिताऱ्यानेच लावलेलं काही?

पणजीत, मळ्यातल्या माझ्या खोलीत
चार वाजता शिंपल्यांच्या तावदानांतून
उजेड येतो, पाणी घातलेल्या दुधासारखा.
त्यात दिसला
काळोखातला दुसरा डोळा.
माझ्याकडे नव्हे, दाराकडे बघणारा,
कुणी यायचं राहिलंय असा.

बोळा बशीत ठेवून दिला.

बाई, एका बाजूने झालाय उजळ.
दुसरी धुवायची नाही.
पैसे अर्धेच द्या.