शेरा

भायखळ्याला, क्लेअर रोडच्या मागे,
जिथे आता पाइपांचं गोदाम आहे,
तिथे बायका शिकवायला शिकत.
नगरहून, जालन्याहून, कुणी थेट सोलापुराहून
पत्र्याची ट्रंक, दोन लुगडी
आणि पाळकसाहेबांची चिठ्ठी घेऊन यायच्या.
विधवा पुष्कळ.
मिस पार्मेंटर त्यांच्या खणखणीत मराठीत सांगत:
गोष्ट सांगताना मुलांच्या डोळ्यांत बघा,
छताकडे नको. छतावर पाली असतात.

माझी आई तिथे स्वयंपाकीण.
मी भाकऱ्या मोजायचे. सकाळी बेचाळीस,
उत्तम शुक्रवारी एकही नाही.
मोजून झालं की खिडकीखाली बसायचे.

फ्लॅनेलच्या फळ्यावर कापडी माणसं चिकटत:
योना, मासा, निनवेची वेस.
परीक्षेच्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं मासा सुटला
आणि योना पाण्यात एकटाच उभा राहिला.
हुल्दाबाई मकासरे जराही न अडखळता म्हणाल्या,
"मासा बाहेर गेलाय, येईल एवढ्यात."
मुलं लोळून हसली.
परीक्षकांनी दोन गुण कापले.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
दीना साळवे: अक्षर स्वच्छ.
एस्तेर भांबळ: मुलांत मूल होते.
हुल्दा मकासरे: आवाज मोठा. कमी करावा.

कमी करून कुठे न्यायचा होता तो आवाज?
माझगावच्या चाळींत, गिरणीच्या भोंग्याखाली,
इस्पितळात खाटेशेजारी,
रविवारी शेंबड्या पोरांपुढे.
पुलपिटाजवळ जायचं ते फुलदाणी ठेवण्यापुरतं.

मग एका जूनमध्ये सातच जणी आल्या,
पुढच्या जूनमध्ये तीन.
नर्सिंगला पगार होता, डी.एड.ला सरकारी शिक्का.
वर्ग बंद झाल्याचं कुणी जाहीर केलं नाही,
आईला फक्त सांगितलं,
उद्यापासून पीठ कमी मळा.

नोंदवही मी रद्दीवाल्याकडून चार आण्यांना सोडवली.
तिच्यात माझं नाव नाही.
असायचं कारणही नाही.

परवा सहज तिकडे गेले.
वॉचमनचा मुलगा पाइपांवर पाय हलवत बसला होता,
शाळा नव्हती म्हणे, किंवा होती.
मी टेकले. त्याच्या डोळ्यांत बघून
योनाची गोष्ट सांगितली, तुफानापासून.
माझा आवाज पाइपांतून फिरून
दुसऱ्या टोकानं बाहेर येत होता,
जरा दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

"पण मासा कुठाय?" पोरानं विचारलं.
"बाहेर गेलाय," म्हटलं.

त्यानं खाली उतरून
एकेका पाइपात डोकावायला सुरुवात केली.