पंचावन्न अंश

आर्विड टॉलेफ्सरूड यांच्या स्वयंपाकघरात
मी बूट न काढता उभी आहे. बूट काढण्याची वेळ टळून गेलीय.
छताचा पांढरा पत्रा भिजून खाली आलाय
आणि टेबलावर बसलाय, जेवायला बोलावल्यासारखा.
उत्तर मिनेसोटा, जानेवारीची अखेर, बाहेर शून्याखाली तीस.
वरच्या न्हाणीघरातली, उत्तरेच्या भिंतीतली नळी
एका रात्री उकलली,
आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

"तू बर्निसची धाकटी ना?"
हो म्हणते. फॉर्म काढते.

बारा वर्षं मी लोकांना हेच सांगत आलेय:
आग, वीज, गारा, वादळ,
बर्फाच्या ओझ्यानं खचलेलं छप्पर,
चोरानं फोडलेलं दार, हे यात येतं.
तुमच्या पायरीवरून पोस्टमन घसरला, तर त्याचा मोडलेला हातसुद्धा.
घर राहण्याजोगं नसेल, तर मोटेलचं भाडं.
नदी दारातून आत आली, तर नाही. तिची पॉलिसी वेगळी, हप्ता वेगळा.
जमीन हलली, तर नाही.
आणि जे हळूहळू होतं, ते तर नाहीच.
गंज. वाळवी. बुरशी.
दहा वर्षं थेंब थेंब गळणारा एखादा सांधा.
कंपनीला एकच शब्द कळतो: अचानक.

इथवर ते मान हलवत होते.
मग म्हणाले, "इंगर हळूहळू गेली.
आधी माणसांची नावं. मग चमचा कशाला असतो, ते.
शेवटी फार्गोच्या हॉस्पिटलात. मी तिथेच, खुर्चीत."

मी लिहिलं: घर रिकामं, दिवस तेवीस.

चौथ्या पानावरचा प्रश्न मला पाठ आहे.
तो वळवून विचारता येत नाही, मी करून पाहिलंय.
"निघताना हीटिंग चालू ठेवलं होतं?"

"बंद केलं," ते लगेच म्हणाले.
"रिकाम्या घराला ऊब कशाला?
सत्तेचाळीस वर्षं आमचं भांडण याच एका गोष्टीवर.
मी खाली करायचो, ती वर."

चूक हातून झाली तर तिला जागा आहे.
थंडीत घर सोडून ऊब बंद केली, तर नाही.
आणि हा माणूस खोटं बोलायला कुठे शिकला असता,
या गावात?
पेन मी टेकवलंच नाही कागदावर.
म्हटलं, थर्मोस्टॅट बघते.

बोळातल्या भिंतीवर जुना, गोल, पितळी काठाचा.
झाकण काढलं. आत, पंचावन्नाच्या खुणेपाशी,
दात कोरायची अर्धी काडी,
गुलाबी नेलपॉलिशनं चिकटवलेली.
त्याखाली चकती जातच नव्हती.
मी फिरवून पाहिलं. ते माझ्या मागे उभे.
"मी तर थांबेपर्यंत फिरवलं होतं," ते म्हणाले.
"थांबलं म्हणजे बंद, असंच मला वाटायचं."

तळघरातल्या मीटरवर सगळं होतं:
तेवीस दिवस, तेवीस रात्री, गॅस जळत होता.
घर उबदार नव्हतं, पण सोडून दिलेलंही नव्हतं.

मग भराभर लिहिलं.
फरशी, छत, भिंती: हो.
फुटलेली नळी स्वतः: नाही, तिनं जे बिघडवलं ते हो.
पहिले हजार डॉलर तुमचे.
गोधडी: आजच्या किमतीनं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, सॉरी.
सिंकखालची कुजलेली फळी जुनी आहे, तिला हात लावत नाही.
काडीसाठी फॉर्मवर रकाना नव्हता.
फोटो घेतला, क्रमांक दिला: सतरा.

ते बराच वेळ त्या चकतीकडे बघत राहिले.
नेलपॉलिश किती वर्षांपूर्वीचं असेल, याचा हिशेब करत असावेत,
असं मला वाटलं.

"तेवीस दिवस?" शेवटी म्हणाले.
"म्हणजे त्या गॅसचं बिल येणार!"

ते यात येत नाही, मी म्हटलं.

"इंगर!" ते म्हणाले, भिंतीला,
अगदी चिडून.