पासंग

तळघरात उतरायला अकरा पायऱ्या.
नवव्या पायरीवर बाबा थांबतात
आणि मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करते.

ऑक्टोबर सरत आलाय. ग्लेंडाइव्हच्या कुरणांवर हिव पडतंय,
शनिवारी हरणांचा मोसम उघडेल.

टेबलावर दोन मापं.
एक डेलनं बिलिंग्जहून आणलेलं: बटणं, हिरवे आकडे,
बंदुकीची दारू कण कण गाळणारं,
वजन भरलं की टिंग म्हणणारं.
दुसरं बाबांचं. बिडाचं,
पोटात फिरता ढोल, कुशीला दांडा,
डोक्यावर प्लॅस्टिकचं नळकांडं, कायमचं पिवळं पडलेलं,
कारण एका हिवाळ्यात एक रात्र दारू त्यातच राहिली.
आई तेव्हा इस्पितळात होती.

भिंतीवर बाबांच्या अक्षरात नियम:
टेबलावर एका वेळी एकच दारू.
त्यांना डबे म्हणायचे होते, दोन जातींची मिसळ नको म्हणून.
आईनं वाचलं, वर गेली,
आणि कपाटातली बाटली सिंकमध्ये ओतून आली.
नियमातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

"डेलचं घेऊ या," मी म्हणते, "त्याला हात लागत नाही."
बोलून गेले.
बाबा आपल्या उजव्या हाताकडे बघतात,
जो दोन वर्षं झाली, स्वतःशीच काहीतरी मोजत असतो.

"माप चुकत नाही," ते म्हणतात, "हात चुकतो.
दांडा दर वेळी सारखाच वर,
सारखाच खाली, आणि खाली एक टिचकी.
आज रागानं, उद्या लाडानं, असं नाही चालत त्याला.
पहिली दहा मापं परत ओत. दारू बसू दे.
काडीसारखी लांब दारू आहे ही, मधेच कच् करेल,
एखाद्या दाण्याची मान मोडेल.
जोर करू नकोस. ते माप डब्यात."

मी दांडा धरते. बाबा तराजू धरतात,
म्हणजे त्याच्यासमोर बसतात, हात मांडीखाली दाबून.
पारड्याच्या तळाशी शिशाचा एक छर्रा चिकटवलेला.
तो काढला तर हा तराजू शून्यावर येतच नाही.
तीस वर्षं तो छर्रा तिथे आहे,
त्याचं स्वतःचं वजन कुणी कधी केलेलं नाही.

वर, खाली, टिचकी.
वर, खाली, टिचकी.
लाकडी ठोकळ्यात पन्नास पितळी पुंगळ्या, तोंडं वर,
चारा मागणाऱ्या पिल्लांसारख्या.
कच् दोनदा झालं, दोनदा मी परत ओतलं.
तिसऱ्यांदा काहीच वाजलं नाही.

मग बाबांनी टॉर्च मागितला.
हात मांडीखालून निघाला आणि उजेड थरथरू लागला,
पन्नास विहिरींत पन्नास सावल्या हलल्या,
सगळ्या एकाच चालीनं, दोन सोडून.
एकीत पाणी खोल गेलेलं,
शेजारचीत काठाशी आलेलं.
वरच्या नळीत दारू अडली होती,
पुढच्या मापाला सगळी एकदम उतरली.
स्थिर उजेडात मला ते दिसलं नसतं.
मी दोनदा बघितलं होतं.

ते काही बोलले नाहीत.
दोन्ही पुंगळ्या उचलून ताटलीत उपड्या केल्या,
थोडी दारू बाहेर सांडली.
मी ब्रश घेतला. फुंकर नाही मारायची, हे लहानपणी शिकलेलं.

"डेलचं यंत्र परत पाठवायचं?"
"राहू दे. तुझ्या मुलाला लागेल.
पण आधी हे शिकव,
म्हणजे टिंग झालं तरी तो आत डोकावून बघेल."

अठ्ठेचाळीस झाल्या. दोन उद्या.
नळकांडं मी डब्यात रितं केलं, झाकण लावलं.
बाबांनी विचारलं, रिकामं केलंस ना?
हो म्हटलं.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुन्हा विचारलं.
पुन्हा हो म्हटलं.
मग ते वळले, आणि स्वतः बघायला
तीन पायऱ्या खाली उतरले.