चेकआउट अकरा वाजता

कोलंबसहून तासाभराची वाट. डिकीत
धुतलेल्या चादरींचे चार गठ्ठे, क्लोरीनचा डबा,
कॉफीची पाकिटं, आणि उंदरांना पळवायला पुदिन्याचं तेल,
जे उंदरांना आवडतं असा आता माझा संशय आहे.

हॉकिंग हिल्समध्ये माझ्या दोन केबिन.
खालची 'हेमलॉक'. वरची 'रानमेवा'.
विद्याधरने हौसेनं लाकडात कोरून घेतलेलं नाव,
पाहुणे त्याला रॅन्मिव्हा म्हणतात,
ट्वायला तर नुसतं "वरचं".
साफसफाई तिची. मार्चपासून तिची कंबर धरलीय,
म्हणून रविवारी बाथरूम माझ्याकडे.

आई म्हणायची, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई,
तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.
आमच्याकडे तिसऱ्या रात्री दहा टक्के सूट.

पाहुणे मला दिसत नाहीत.
दिसतात त्यांचे केस, मोरीच्या जाळीत अडकलेले,
मोजा, कायम एकच,
हॉट टबच्या तळाशी कुणाचं तरी कानातलं.
आणि त्यांचे तारे.
घुबड रात्रभर ओरडलं: चार तारे.
घुबड दिसलंच नाही: तीन.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी 'रानमेवा'त
ऑर्व्हिल स्टॅम्बॉ. दोन माणसं, एक रात्र.
कुलूप माझ्या फोनशी बोलतं.
चार वाजून दहा: दार उघडलं.
रात्री एक चाळीस: उघडलं.
एक पंचावन्न. दोन वीस.
मी अंथरुणात उठून बसले.
"सिगरेट ओढत असेल, झोप," विद्याधर भिंतीकडे तोंड करून म्हणाला.
सिगरेटचा दंड अडीचशे डॉलर.
निरोप मनातल्या मनात लिहून ठेवला,
सभ्य, पण धार असलेला.

पोचले तेव्हा तो गेलेला, अकराला दीड तास बाकी असताना.
मी हुंगत फिरले. पडदे, उशा, गादीचे कोपरे.
धूर होता तो शेकोटीचा, नियमात बसणारा.
मग चादर ओढली.
खिडकीकडची अर्धी बाजू
गुरुवारी मी घातली तशीच होती,
घडीच्या रेघेसकट.
कप मात्र दोन. दोन्ही धुतलेले, पालथे.

असो. चारला डेटनचं कुटुंब यायचं होतं,
पाच जण, त्यात एक तान्हं, पाळणा हवा.
गठ्ठा उचलून उतरताना
तिसऱ्या पायरीवर सवयीनं पाय जपून टाकला
आणि ती हलली नाही.

खाली बसून पाहिलं. चार नवे स्क्रू,
डोकी लाकडात नीट बुडवलेली,
कडा घासून गुळगुळीत,
भुसासुद्धा झाडून एका बाजूला.
ठोकाठोक नको,
'हेमलॉक'मधल्यांची झोप मोडेल.
टॉर्च बहुतेक दातांत धरला असेल.

अडीचला त्याचा अभिप्राय आला.
चार तारे.
"पायरी हलत होती. डोरीननं मे महिन्यात कळवलं होतं."

मी मे महिना शोधला.
डोरीन स्टॅम्बॉ, अकरा तारीख:
केबिन फार गोड. तिसरी पायरी तेवढी बघा, कुणीतरी पडेल.
खाली माझंच उत्तर:
धन्यवाद! लगेच बघते.
पुढे हसरा चेहरा.

सुतार दोनदा येतो म्हणाला, आला नाही,
हे खरं आहे. मी तिसऱ्यांदा फोन केला नाही,
हेही.

आता फोन मला विचारतोय, नेहमीसारखं:
पाहुण्यानं स्वच्छता राखली का?
नियम पाळले का?
वास्तूत काही फेरफार केला का?
या व्यक्तीला पुन्हा घर द्याल का?

पावणेतीन. बाथरूम राहिलंय.
मी त्याच पायरीवर बसलेय,
आणि पाळणा अजून डिकीतच आहे.